ड्रोनला छप्पर दिसते, भिंत दिसत नाही

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

गावठाणांच्या ड्रोन मोजणीबद्दल चावडीवर दोन प्रकारचे बोलणे कानावर येते. काहींच्या मते यंत्राने मोजले म्हणजे त्यात चूक निघणे शक्यच नाही. काहींना वाटते, आभाळातून फोटो काढून कुठे जागा मोजता येते का, हा सगळा देखावा आहे. दोन्ही समजुती चुकीच्या आहेत, आणि कच्चा नकाशा गावात लागला की वाद पेटतात ते बरेचदा यांच्यामुळेच. फोटोवरून मोजणी उत्तम होते, चार-दोन बोटांच्या फरकाने होते. पण ती होते छपराची, कारण वरून छप्परच दिसते. मिळकतीची हद्द मात्र भिंतीला, जोत्याला, कुंपणाला असते. या दोहोंमधला हिशेब जमिनीवर उतरूनच करावा लागतो. तो कोणी, केव्हा आणि कसा करायचा हे गावकऱ्यांना नीट समजावून सांगितले जायला हवे, म्हणून हे पत्र.

आधी थोडी पार्श्वभूमी. काळीची, म्हणजे शेतजमिनीची मोजणी ब्रिटिश अमदानीतच शंकू साखळीने झाली. तिची टिपणे, गट नकाशे, सातबारा आहेत. पांढरीची, म्हणजे वस्तीच्या जागेची गोष्ट वेगळी. बहुतेक लहान गावांच्या नकाशावर गावठाणाची फक्त बाहेरची हद्द आहे. आत कोणाचे घर किती, याची नोंद ग्रामपंचायतीच्या नमुना ८ मध्ये. तो कर आकारणीचा कागद आहे, मालकीचा नव्हे. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ च्या कलम १२६ खाली गावठाणाची मोजणी करता येते, पण प्लेन टेबल आणि टेप घेऊन घरन्‌घर मोजण्याइतकी माणसे कधीच नव्हती. राज्याच्या भूमी अभिलेख विभागाने पुरंदर तालुक्यातल्या सोनोरी गावात ड्रोनचा प्रयोग केला. पुढे २४ एप्रिल २०२० रोजी केंद्राची स्वामित्व योजना आली आणि सुरुवातीच्या राज्यांत महाराष्ट्र होता. सर्व्हे ऑफ इंडियाने ड्रोन उडवून नकाशा करायचा, भूमी अभिलेखने हद्दींची चौकशी करायची, ग्रामपंचायतीने साथ द्यायची, नकाशा १:५०० चा आणि शेवटी मिळकतधारकाच्या हातात सनद, अशी ही कामाची वाटणी आहे. योजना चांगली आहे. ती नीट व्हावी म्हणूनच पुढचे तपशील मांडत आहोत.

मोजणी होते कशी? एक डोळा मिटून अंगठा समोर धरा, मग दुसरा डोळा मिटा. अंगठा मागच्या भिंतीवर सरकल्यासारखा दिसतो. जवळची वस्तू जास्त सरकते, लांबची कमी. ड्रोन एकच जागा वेगवेगळ्या ठिकाणांहून टिपतो आणि या सरकण्यावरून संगणक प्रत्येक ठिपक्याची जागा आणि उंची काढतो. त्यासाठी प्रत्येक ठिपका किमान तीन, आणि चांगल्या कामात सात-आठ फोटोंत यावा लागतो.

नेहमीच्या वापरातला २० मेगापिक्सेलचा, १ इंची सेन्सरचा कॅमेरा घेऊ. लेन्सचे नाभीय अंतर ८.८ मिलिमीटर, सेन्सरवरच्या एका पिक्सेलची रुंदी २.४ मायक्रॉन. ड्रोन १०० मीटर उंचीवर असेल तर एक पिक्सेल जमिनीवर २.७ सेंटिमीटर जागा व्यापतो आणि एका फोटोत सुमारे १५० मीटर × १०० मीटर एवढा तुकडा येतो. पुढचा फोटो आधीच्या फोटोवर ८० टक्के चढलेला हवा, म्हणजे दर २० मीटरला एक फोटो. ड्रोनच्या शेजारच्या दोन उड्डाणरेषांतला चढ ७० टक्के धरला तर रेषा ४५ मीटर अंतरावर येतात. सेकंदाला ८ मीटर वेग धरला तर अडीच सेकंदाला एक फोटो पडतो, आणि २० हेक्टरचे गावठाण १०-१५ मिनिटांत उरकते. शटर १/१००० सेकंद असेल तर तेवढ्या वेळात ड्रोन ८ मिलिमीटर सरकतो, त्याने बिघडत नाही. ढगाळ म्हणून शटर १/२०० वर आणले तर ४ सेंटिमीटर सरकतो, म्हणजे दीड पिक्सेल. असा फोटो पडद्यावर चांगला दिसतो, पण हद्द दाखवायला टाकलेली चुन्याची रेघ त्यात पसरलेली असते.

ही सगळी आकडेमोड सपाट गावाची झाली. सह्याद्रीच्या उतारावरच्या गावात वरच्या आळीत आणि खालच्या आळीत सहज ४० मीटरचा फरक असतो. खालच्या आळीतून उडवलेला ड्रोन १०० मीटरवर ठेवला तर वरच्या आळीपासून तो ६० मीटरवरच राहतो. फोटोत मावणारा तुकडा आखडतो, पुढचा चढ ८० वरून ६७ टक्क्यांवर आणि बाजूचा ७० वरून ५० टक्क्यांवर येतो, आणि नेमक्या तिथल्याच छपरांचे कोपरे नकाशात वेडेवाकडे निघतात. उलट वरच्या आळीतून उडवला तर खाली तो १४० मीटरवर जातो, पिक्सेल ३.८ सेंटिमीटरचा होतो आणि १२० मीटरची कायदेशीर मर्यादाही ओलांडली जाते. अशा ठिकाणी जमिनीच्या चढउताराप्रमाणे उंची बदलणारे उड्डाण आखावे लागते. ते आजच्या ड्रोनना जमते, फक्त आधी उंचीचा कच्चा नकाशा भरून द्यावा लागतो आणि इथेच कंटाळा होतो.

आता मुख्य मुद्दा, छप्पर आणि भिंत.

पहिली अडचण कॅमेऱ्याच्या नजरेची. फोटोच्या मधोमध असलेले घर बरोबर वरून दिसते, कडेचे घर बाहेर झुकलेले दिसते. ड्रोन १०० मीटरवर आहे आणि त्याच्या नेमक्या खालच्या जागेपासून ५० मीटर बाजूला ६ मीटर उंचीचे दुमजली घर आहे, असे धरू. त्याच्या छपराचा कोपरा जमिनीवर किती सरकलेला दिसेल? ५० गुणिले ६ भागिले ९४, म्हणजे ३.२ मीटर. तेच घर १० मीटरवर असेल तर ६४ सेंटिमीटर. हा झुकाव काढून टाकून फोटो नकाशासारखा सरळ करतात, त्याला ऑर्थो म्हणतात. पण ऑर्थो कोणत्या उंचीवर बसवला, याने फार फरक पडतो. फक्त जमिनीची उंची वापरली तर रस्ते आणि अंगणे जागेवर येतात, छपरे मात्र झुकलेलीच राहतात. छपरांच्या उंचीसकट केलेला उंचीचा नकाशा, म्हणजे डीएसएम, वापरला तर छपरेही जागेवर येतात, पण त्या डीएसएममध्ये छपराच्या कडा करवतीच्या दात्यांसारख्या निघाल्या तर घराची सरळ बाजू नकाशात लाटेसारखी होते. नकाशा गिरवणारा मग अंदाजाने सरळ रेघ ओढतो. त्या अंदाजात २०-२५ सेंटिमीटर इकडचे तिकडे सहज होतात, आणि तेवढ्यावरून शेजाऱ्याशी वैर धरणारी घरे आपल्याकडे कमी नाहीत.

दुसरी अडचण वळचणीची, आणि ती कितीही महाग कॅमेरा आणला तरी जात नाही. कोकणात, मावळात पाऊस भिंतीवर येऊ नये म्हणून कौलारू छप्पर भिंतीबाहेर दोन-अडीच फूट काढतात. बाहेरून ९ मीटर × १२ मीटर भिंतींचे घर घ्या. जागा १०८ चौरस मीटर. चारही बाजूंना ७५ सेंटिमीटर वळचण असेल तर फोटोत ते १०.५ × १३.५ मीटर, म्हणजे १४१.७५ चौरस मीटर दिसते. फरक पावणेचौतीस चौरस मीटरचा, गुंठ्याच्या तिसऱ्या हिश्श्याइतका. हा फरक वजा केला नाही तर घर कागदावर एकतीस टक्क्यांनी फुगते. फुगते म्हणून मालक गप्प राहतो, पण ती वाढ शेजाऱ्याच्या अंगणातून किंवा सार्वजनिक बोळातून आलेली असते. उलटेही होते. वळचणीखालची जागा शतकभर वहिवाटीत आहे, पागोळ्यांचे पाणी तिथेच पडते, आणि सरसकट वजाबाकीत ती मालकाकडून जाते. म्हणून वजाबाकी घरागणिक, भिंतीगणिक टेप लावून व्हायला हवी, गावभर एकच आकडा धरून नव्हे. पुढे पडवी, मागे न्हाणीघर, एका बाजूला नुसती वळचण, दुसरीकडे पत्र्याचा पुढावा, अशी एकाच घराच्या चार बाजूंची चार मापे असतात. स्लॅबच्या घरांत गॅलरी आणि छज्जा हेच करतात.

बोळांचे हाल याहून वाईट. दोन घरांच्या भिंतींत १.८ मीटरचा बोळ आहे आणि दोन्हीकडून ७५-७५ सेंटिमीटर वळचण आली आहे, तर वरून दिसणारी फट राहते ३० सेंटिमीटर, जेमतेम ११ पिक्सेल, त्यातही सावली. नकाशात हा बोळ एक तर बारीक रेघ होतो किंवा दोन घरे चिकटवून पुसलाच जातो. वळचण नसली तरी सुटका नाही. १.२ मीटर रुंद बोळ आणि दोन्हीकडे ६ मीटर उंच भिंती असतील, तर बोळाचा तळ दिसायला १०० मीटरवरचा ड्रोन बोळापासून साधारण २० मीटरच्या आतून जायला हवा. वर सांगितलेल्या ४५ मीटरच्या रेषा बोळाला समांतर आणि बोळ बरोबर मधे सापडला, तर दोन्ही रेषा साडेबावीस मीटरवर राहतात. म्हणजे त्या बोळाचा तळ एकाही फोटोत येत नाही. म्हणून दाट गावठाणात बाजूचा चढ ८० टक्के ठेवून रेषा ३० मीटरवर आणाव्यात आणि पहिल्या उड्डाणाला काटकोनात दुसरे उड्डाण करावे. १०-१५ मिनिटांचे काम अर्ध्या-पाऊण तासावर जाते, एखादी बॅटरी जास्त लागते. गावाच्या आयुष्यात एकदा होणाऱ्या मोजणीसाठी हे फार नाही.

कोकणासाठी आणखी एक सूचना. उभ्या फोटोंबरोबर कॅमेरा ४५ अंशांत तिरका करून चारी दिशांनी फोटो घ्यावेत. वळचणीची कड जमिनीपासून ३ मीटरवर आणि वळचण ७५ सेंटिमीटर असेल, तर तिरक्या फोटोत भिंतीचा खालचा सव्वादोन मीटर भाग स्पष्ट दिसतो, मध्ये झाड किंवा शेजारचे घर नसेल तर. म्हणजे जोत्याची रेघ प्रत्यक्ष मोजता येते. तिरक्या फोटोंचा आणखी एक फायदा आहे. नुसते उभे फोटो घेतले की लेन्सच्या वक्रतेचा हिशेब पक्का बसत नाही आणि सगळा भूभाग मधोमध घुमटासारखा फुगलेला किंवा खोलगट निघतो. जागेवर जाऊन तपासले नाही तर हा दोष लक्षातही येत नाही. गावचा ओढा, गटाराचा उतार, पाणी साचण्याची जागा या नकाशावरून ठरवायची असेल, तर असा फुगवटा पाण्याला उलट्या दिशेने धाडतो.

मराठवाड्यातल्या धाब्याच्या, माळवदाच्या घरांचा प्रश्न निराळा. तिथे वळचण नाही, पण घराला घर लागून, भिंत सामाईक आणि वर मातीचे सलग माळवद. वरून अख्खी आळी एकच छप्पर दिसते. पश्चिम महाराष्ट्रातल्या जुन्या वाड्यातही तसेच. दोन भावांची वाटणी चौकातून गेलेली असते, छप्पर मात्र एकच. पांढऱ्या मातीची भिंत दोन-अडीच फूट जाड असते. हद्द तिच्या मधून, अलीकडून की पलीकडून, हे कॅमेरा सांगणार नाही. ते वाटणीपत्र, खरेदीखत आणि दोन्ही शेजाऱ्यांचा जबाब यांवरूनच ठरायचे.

यावर उपाय म्हणून उड्डाणाआधी चुना टाकून हद्दी आखल्या जातात. साऱ्या मोजणीत गावकऱ्यांच्या हातात असलेले हे सर्वांत मोलाचे काम आहे, आणि बऱ्याचदा तेच घाईने होते. रेघ किमान १० सेंटिमीटर रुंद हवी, तेव्हा ती फोटोत तीन-चार पिक्सेल येते. चिमटीने भुरभुरलेली रांगोळीसारखी रेघ वरून दिसत नाही. काळ्या-तांबड्या मातीवर चुना उठून दिसतो. सिमेंटच्या रस्त्यावर आणि फिकट मुरमावर पांढऱ्यात पांढरे मिसळते, तिथे गेरू किंवा तांबडा रंग वापरावा. सगळी रेघ जमत नसेल तर निदान प्रत्येक कोपऱ्यावर हातभर लांबीची काटकोनी खूण करावी. सरळ बाजू कोपऱ्यांवरून जोडता येते, वाकड्या बाजूला मात्र प्रत्येक वळणावर खूण लागते. कोपरा झाडाखाली किंवा वळचणीखाली असेल तर तिथे चुना टाकून उपयोग नाही. उघड्यावर दोन ठिकाणी खुणा करून त्या दोन्हींपासून कोपऱ्यापर्यंतची अंतरे टेपने मोजून लिहून द्यावीत किंवा तो कोपरा रोव्हरने, म्हणजे उपग्रहांवरून जागा मोजणाऱ्या हातातल्या यंत्राने, घ्यायला सांगावे. आखणी उड्डाणाच्या आदल्या संध्याकाळी किंवा त्याच सकाळी व्हावी. वारा, गुरे, पाण्याचा टँकर यांनी दोन दिवसांत रेघ पुसट होते. उड्डाण लांबले तर आखणी पुन्हा करावी लागते, आणि ती करून घेण्याची जबाबदारी कोणावर हे ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडून (पूर्वीचे ग्रामसेवक) आधीच लिहून घेतलेले बरे. आखताना शेजारी हजर हवा. त्याच्या गैरहजेरीत टाकलेला चुना म्हणजे पुढच्या तक्रारीची पहिली ओळ.

ज्या हद्दीवर आधीच वाद आहे तिथे दोघांच्या दोन रेघा आखू द्याव्यात आणि मोजणीदाराने दोन्ही टिपून ठेवाव्यात. ड्रोनच्या दिवशी वाद सोडवायला जाऊ नये. चौकशी अधिकाऱ्यासमोर दोन्ही रेघा फोटोसकट आल्या की निर्णय सोपा जातो.

उड्डाणाची वेळही महत्त्वाची. आपल्याकडे सुगी झाल्यावर, फेब्रुवारी-मार्चमध्ये पानगळ झालेली असते आणि झाडांखालचे बरेच दिसते. आंबा-फणसाखालचे मात्र कधीच दिसत नाही. सावली कमी म्हणून साडेअकरा ते दीड ही वेळ बरी, पण तेव्हा नवा पत्रा चकाकतो आणि त्या जागी संगणकाला ठिपकेच सापडत नाहीत, छपरात भोक पडल्यासारखे होते. पातळ ढगांचा एकसारखा उजेड सर्वांत चांगला. त्याच दिवशी कडब्याची गंजी, लग्नाचा मांडव, निळी ताडपत्री हीही फोटोत येतात, आणि गावाशी ओळख नसलेला माणूस पडद्यावर गिरवताना त्यांना बांधकाम समजतो. कच्च्या नकाशावर फिरताना हे आधी पाहावे.

आता अचूकतेबद्दल. ड्रोनवर आरटीके (उपग्रहांवरून काढलेली जागा उडतानाच सुधारणारी यंत्रणा) असले आणि जवळच्या कॉर्स केंद्राशी, म्हणजे उपग्रहांचे संदेश सतत टिपणाऱ्या स्थिर केंद्राशी, जोडले की जमिनीवर खुणा लावायची गरज नाही, असा एक समज कंत्राटी कामांत पसरला आहे. तो घातक आहे. बेसच्या, म्हणजे त्या स्थिर केंद्राच्या, जागेचा एखादा आकडा चुकला तर अख्खा नकाशा एकसंध सरकतो; अँटेनाची उंची १.८ मीटरऐवजी २.० भरली गेली तर साऱ्या उंची २० सेंटिमीटरने चुकतात. नकाशातली घराघरांतली अंतरे बरोबर असतात, त्यामुळे कोणाला शंका येत नाही. गावठाणाची हद्द लगतच्या गटाशी जोडायला गेल्यावर मेळ बसत नाही. म्हणून चार कोपऱ्यांना, मधोमध आणि सर्वांत उंच-सखल ठिकाणी नियंत्रण बिंदू, म्हणजे जमिनीवर आधीच अचूक मोजलेल्या खुणा, हव्यात. अर्धा मीटर बाजूचा, काळा-पांढरा चौकडी फलक पुरतो, फक्त तो झाडापासून आणि उंच भिंतीपासून दूर, सपाट जागी ठेवावा आणि उड्डाण संपेपर्यंत पोरांना, गुरांना त्याला हात लावू देऊ नये.

यांखेरीज वेगळे तपासणी बिंदू लागतात. नियंत्रण बिंदूंवर संगणक नकाशा ओढूनताणून बसवतो, त्यामुळे तिथे चूक कमीच दिसते. तो आकडा दाखवून अचूकता सिद्ध होत नाही. जे बिंदू गणितात घेतलेच नाहीत, पण जमिनीवर रोव्हरने स्वतंत्र मोजले, त्यांच्यावर नकाशा किती चुकतो ते खरे माप. अमेरिकन छायामापन (फोटोवरून मोजणी) संस्थेच्या २०२३ च्या मानकात असे किमान ३० बिंदू सांगितले आहेत. लहान गावठाणाला तेवढे जमणार नाहीत, पण दहा-बारा तरी घ्यावेत, आणि त्यांत घरांचे कोपरे असावेत. सगळेच बिंदू मोकळ्या रस्त्यावर घेतले तर छपरांबद्दल काहीच कळत नाही. सरासरी चूक ५ सेंटिमीटर निघाली याचा अर्थ प्रत्येक कोपरा ५ सेंटिमीटरच्या आत आहे असा नसतो. एखाद्या ठिकाणी ती दुप्पट-अडीचपट असू शकते.

दोन बारकावे मोजणीदारांसाठी. नकाशा यूटीएम प्रक्षेपात, म्हणजे गोल पृथ्वी उभ्या पट्ट्यांत सपाट करून दाखवायच्या पद्धतीत असतो आणि पट्ट्याच्या मध्य रेखावृत्तावर त्याचे प्रमाण ०.९९९६ असते. ४३ व्या पट्ट्यात ते रेखावृत्त ७५ अंश पूर्व, म्हणजे अहिल्यानगरच्या थोडे पूर्वेला. तिथे जमिनीवरचे १०० मीटर नकाशाच्या फाइलीत ९९ मीटर ९६ सेंटिमीटर भरतात. घराच्या मापात हे जाणवत नाही, पण लांब हद्दीवर टेप आणि नकाशा जुळेना म्हणून भांडण होण्याआधी हा फरक समजावून द्यावा. नागपूर, वर्धा ४४ व्या पट्ट्यात येतात. पट्टा चुकवला तर गाव भलतीकडेच जाते. उंचीबाबतही तसेच. जीएनएसएस, म्हणजे उपग्रहांवरून जागा काढणारे यंत्र, देते ती उंची लंबवर्तुळाभापासूनची, म्हणजे पृथ्वीच्या गणिती आकारापासूनची, समुद्रसपाटीपासूनची नव्हे, आणि आपल्या भागात दोहोंत साधारण साठ-सत्तर मीटरचा फरक पडतो. किनाऱ्यावरच्या गावाची उंची उणे साठ मीटर दिसली तर यंत्र बिघडलेले नाही, जिऑइडची, म्हणजे समुद्रसपाटीच्या पातळीची, दुरुस्ती राहिलेली आहे. गटार किंवा नळयोजनेचा उतार काढायला ती दुरुस्ती केलेलीच उंची वापरा.

कच्चा नकाशा गावात लागेल तेव्हा मिळकतधारकाने काय पाहावे? छापील नकाशावर पट्टी लावून मोजू नये. १:५०० मध्ये १ मिलिमीटर म्हणजे अर्धा मीटर. पेन्सिलीच्या रेघेची जाडीच वीतभर जागा खाते, शिवाय कागद दमट हवेत ताणतो. फाइलीतून काढलेली बाजूंची मापे लेखी मागावीत. मग आपल्या जागेची दर्शनी बाजू, खोली आणि दोन्ही कर्ण टेपने मोजावेत. कर्ण विसरू नका. चारही बाजू जुळूनही जागा तिरकी बसवलेली असू शकते, आणि ती कर्णावरच पकडली जाते. टेप ताठ आणि आडवा धरावा, उताराला लावून नव्हे. फरक १० सेंटिमीटरच्या आत असेल तर सोडून द्यावा. त्याहून जास्त असेल तर आधी पाहावे की तो वळचणीएवढा आहे का. तसा असेल तर चूक कुठे झाली हे तिथेच कळते. बोळ, सामाईक अंगण, विहिरीची वाट, पार, देवळाचा ओटा हे कोणाच्या खात्यात चढलेले नाहीत ना, हे पंचायतीने स्वतंत्र पाहावे, कारण त्यांच्या वतीने हरकत घ्यायला दुसरे कोणी येत नाही. हरकत मुदतीत आणि लेखी द्यावी, सोबत मापांचा हाताने काढलेला नकाशा जोडावा. ‘माझी जागा कमी दाखवली’ एवढ्याने काही होत नाही. ‘उत्तरेकडची भिंत नकाशात ७० सेंटिमीटर आत आहे, बाहेरून माप १२.१० मीटर’ असे लिहिले तर मोजणीदाराला जागेवर येऊन रोव्हर लावावाच लागतो.

भूमी अभिलेख विभागाकडे आमचे मागणे थोडके आहे. ग्रामसभेत नुसत्या रेघांचा नकाशा न लावता तो ऑर्थो फोटोवर चढवून, १:२०० इतका मोठा करून दाखवावा. आपले छप्पर, आपला पार ओळखीचा दिसला की म्हाताऱ्या माणसांनाही चूक बोट ठेवून दाखवता येते. नकाशाच्या कोपऱ्यात उड्डाणाची तारीख, पिक्सेलचे माप, तपासणी बिंदूंची संख्या आणि त्यांवरची सरासरी व सर्वांत मोठी चूक छापावी. मूळ फोटो आणि नियंत्रण बिंदूंचे आकडे जपून ठेवावेत, आणि ते बिंदू तात्पुरत्या खुणा न राहता दगडात खिळा ठोकून कायमचे करावेत, म्हणजे दहा वर्षांनी कोणी नवी खोली काढली तर साऱ्या गावाचे पुन्हा उड्डाण न करता तेवढीच जागा त्यांवरून मोजता येईल. आणि प्रत्येक मिळकतीच्या चौकशी नोंदीत एक रकाना वाढवावा: बाजूवार वळचण किती सेंटिमीटर, वजा केली की नाही, आणि माप टेपने घेतले की फोटोवरून.

आपले,
भूमापन व छायामापनाच्या कामातले काही वाचक, पुणे